अंड्याचा पापुद्रा

माझ्या मामाला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत. शाळा अर्धवट सुटलेली, पण गिऱ्हाइकाला देण्याआधी तो प्रत्येक अंडं दुकानातल्या बल्बसमोर धरून आत बघायचा. डाग दिसला की अंडं बाजूला. "एक्स-रे काढल्याशिवाय सोडत नाही हा," अशी त्याची थट्टा व्हायची आणि ती त्याला आवडायची. दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या जिन्याखालची खोली, भिंतीला लावलेले ट्रेचे ढीग आणि एक स्टूल. लग्न केलं नाही. रात्रीचं जेवण आमच्याकडे.

आजी लवकर गेली, तेव्हा माझ्या आईनेच त्याला लहानाचं मोठं केलं. आई म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. कुठला साबण चांगला, कुठल्या दवाखान्यात जावं, तेल कुणाकडून आणावं, हे बायका तिला विचारून ठरवत. ती मामाकडून अंडी घ्यायची, म्हणून गल्लीही मामाकडून घ्यायची. इतकं साधं होतं ते.

मग तो व्हिडिओ आला. कुठल्या तरी कारखान्यात म्हणे प्लॅस्टिकची अंडी बनतात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाच दिवशी चौघांनी टाकला, वर हात जोडून "काळजी घ्या." मला हसू आलं. प्लॅस्टिकचं अंडं कोंबडीपेक्षा महाग पडेल, एवढा तरी विचार कुणी करावा! पण गिऱ्हाइकं विचारू लागली आणि मामा अस्वस्थ झाला. शेजारचा स्टेशनरीवाला म्हणाला, "तुम्हीच बोला की कॅमेऱ्यासमोर. मी टाकतो सगळीकडे."

मामाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. अंडं फोडलं, टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा अलगद सोलला आणि दोन बोटांत ताणून धरला. "हे बघा, लोक ह्यालाच प्लॅस्टिक समजतात. हा पापुद्रा आहे. खऱ्या अंड्यात तो असतोच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणा शहाण्याने त्या व्हिडिओतला आवाज काढून टाकला, वर लाल अक्षरांत "अंडीवाल्याने स्वतःच दाखवलं प्लॅस्टिक" असं लिहिलं आणि दिलं सोडून. आमच्या ग्रुपवर ते मामाच्याच चुलतभावाने टाकलं. चेहरा कुणाचा आहे, हे बघायचीही तसदी त्याने घेतली नव्हती.

तरीही दुकान तरलं असतं, आई घेत राहिली असती तर.

रविवारी मामा नेहमीसारखा अंडी घेऊन आला. आईने हात पुढे केला नाही.

"तुझ्यावर विश्वास आहे रे माझा," ती म्हणाली. "पण तुला माल पाठवणारे काय करतात, ते तुला तरी काय ठाऊक? विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

"ताई, मी रोज खातो."

"तूही नको खाऊस बाबा. ऐक माझं."

मामा ट्रे उचलून खाली गेला. मी आईशी कडाकडा भांडले. ज्याला घास भरवून वाढवलास त्याच्यापेक्षा तो मेला फोन जवळचा का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "जीव आहे म्हणूनच सांगते त्याला." आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त रडू आलं.

गोष्ट जिना उतरून गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागतो? सख्खी बहीणच घेत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी का घ्यावीत? मामा बल्ब लावून बसून राहायचा. ओळखीच्या बायका समोरून जाताना पदर सावरत दुसरीकडे बघायच्या. अंडी नासायला लागली, तसं त्याने दुकान सोडलं आणि लांबच्या एका पॅकिंगच्या शेडमध्ये नोकरी धरली. जेवायला येणंही हळूहळू कमी झालं.

पुढे आई न्हाणीघरात घसरून पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, रोज दोन अंडी खायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मोठ्या दुकानातल्या हिरव्या खोक्यातली अंडी सुचवली. खोक्यावर कुरणात चरणाऱ्या कोंबडीचा फोटो. आई ती निर्धास्तपणे खायला लागली.

मामा तिला बघायला आला. आईने मला दोन अंडी उकडायला लावली आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. "खा, किती वाळलास! आणि चव बघ. ही खरी अंडी. खोक्यावर सगळं छापलेलं असतं."

मामाने खोकं उचललं, उलटं करून खालचा शिक्का बघितला आणि जपून परत ठेवलं. मग दोन्ही अंडी खाल्ली.

"चांगली आहेत, ताई," तो म्हणाला.

मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. "काय बघत होतास रे?"

"आमच्या शेडचाच शिक्का. माझ्या दुकानात यायचा ना टेम्पो, तोच तिथे माल टाकतो. खोकी आम्हीच भरतो."

माझं डोकंच फिरलं. "मग गप्प का बसलास? चल वर. आत्ताच्या आत्ता सांगते तिला."

त्याने माझा हात घट्ट धरला. "खबरदार सांगशील तर. ही पण सोडून देईल ती. हाड जुळायला नको का तिचं?"

तो जिना उतरून गेला. मी घरात आले, तर आई रिकाम्या ताटलीकडे बघून खुशीत होती.

"दोन्ही संपवली बघ," ती म्हणाली. "पटलं एकदाचं त्याला."