टाचणीची न्याहारी

सुमनबाई शिंगाडे काढायला तळ्यात उतरतात, त्याआधी पायांना करंजाचं तेल चोपडतात. नाहीतर दिवसभर खाज सुटते. ती कशानं सुटते हे त्यांना दाखवावं म्हणून मी, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरानं, तळ्यातली एक गोगलगाय पेलाभर पाण्यात टाकली आणि पेला सकाळच्या उन्हात धरला. थोड्या वेळानं तिच्यातून शेपटीवाले बारीक ठिपके बाहेर पडले. हेच ते जंतू. गुरांच्या शोधात निघतात आणि चुकून माणसाच्या कातडीत शिरतात.

शेवाळाबरोबर पेल्यात काडीसारखी एक अळीही आली होती. मोठी होऊन ती टाचणी, म्हणजे नाजूकसा चतुर होणार. एकाएकी तिचा खालचा ओठ हातासारखा पुढं आला आणि एक ठिपका नाहीसा झाला. मग दुसरा, तिसरा.

“हा किडा तं आमी वेचून काठावर फेकतो, सर,” सुमनबाई म्हणाल्या. “शिंगाडा खाते म्हणून.”

“शिंगाड्याला तो तोंडही लावत नाही.”

मला एकदम फार श्रीमंत वाटलं. आपल्यापर्यंत न पोचलेली कितीतरी दुखणी अशी कुणाच्या न्याहारीत संपली असतील, आणि आपण आपल्याच तब्येतीचं कौतुक करत बसतो.

सुमनबाई काठावर गेल्या. उपसलेल्या वेलीत अडकलेली एक अळी त्यांनी अलगद चिमटीत धरली, पाण्यात सोडली आणि पाहुण्याला आग्रह करावा तशा म्हणाल्या, “जेव बापा, पोटभर जेव.”