कोपरापर्यंत हात

नागोराव आबांची आणि माझी ओळख एका सरकीमुळं झाली. चुलत्याच्या कापसाची गाडी घेऊन मी पहिल्यांदाच सेलूच्या जिनावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, आलो होतो. फाटकाशी बाजेवर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. उठले, गाडीत कोपरापर्यंत हात घातला, आतला मूठभर कापूस काढला, त्यातली एक सरकी सोलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "चाव."

मी म्हणालो, "चांगला वाळलाय, आबा."

"तू नको सांगू. तुझ्या दाताला सांगू दे."

वाळलेली सरकी दाताखाली कट्ट वाजते. माझी वाजलीच नाही. मागचे गाडीवाले हसायला लागले. आबांनी भाव पाडला नाही, गाडीही माघारी लावली नाही. समोरच्या मैदानात कापूस उन्हाला पसरायला लावला आणि दुपार कलल्यावर पुन्हा सरकी चावायला दिली. ती वाजली तेव्हा चांगल्या मालाच्या भावानं गाडी आत घेतली. पुढं कळलं की उमेदवारीपासून सरक्या चावून चावून त्यांचे पुढचे दात गेले होते, म्हणून ज्याची गाडी त्यालाच ते चावायला लावत. स्वतःच्या दातानं दिलेल्या निकालावर भांडणार कोण?

मी निजामाच्या राज्यातल्या उर्दू मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, तिसरीपर्यंत गेलेला माणूस. मराठी लिहिणं पोथ्यांवरून अन् दुकानांच्या पाट्यांवरून जमवलेलं. आबांच्या गावच्या, वालूरच्या मास्तरांनी इथं अहमदाबादला पत्र धाडलं की आबांच्या एकसष्टीनिमित्त गौरवाची वही काढतोय, तुम्हीही दोन पानं लिहा. त्याच पत्रात खाली त्यांनी कळवलं की एकसष्टीनंतर आबांना घरी बसवायचं धाकट्या शेटजींच्या मनात आहे. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण हेच एकदा आधी झालेलं आहे आणि ते माझ्या हातून झालेलं आहे. मंडळींना सगळं ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

त्या पहिल्या खेपेनंतर मी त्याच जिनात हमालीला लागलो, त्याला तीन हंगाम झाले होते. एका जागी बसणं माझ्या पायांना कधी मानवलं नाही. आबांचं काम सावकाशीचं, एकेका गाडीला वेळ लागे, गाड्यांची रांग थेट रस्त्यावर जाई. आम्ही पाचसहा तरण्या पोरांनी थोरल्या शेटजींकडं जाऊन सांगितलं की म्हाताऱ्या माणसानं जागा अडवली आहे, आता आमचा नंबर लागू द्या. बोलणारा मी होतो. आबा दाराशीच उभे होते हे मला मागाहून दिसलं.

शेटजींनी फेटा, नारळ देऊन आबांना निरोप दिला. जाताना आबांनी मला बाजेवर बसवलं आणि एवढंच म्हणाले, "किसन, वरवर बघितलं तर समद्याच नवऱ्या गोऱ्या दिसतात. हात कोपरापस्तोर घालत जा."

मी मनगटापर्यंत घातला. रांग भराभरा पुढं सरकली, शेटजी खूश, गाडीवालेही खूश. त्याच दिवसांत पांढराशुभ्र कापूस यायला लागला, पाल्याचा एक कण नाही. मी सगळा पहिल्या प्रतीचा म्हणून आत घेतला. दहिवरात वेचलेल्या कापसाला पाला चिकटत नाही, म्हणून तो असा स्वच्छ दिसतो, आणि त्याच दहिवरानं तो आतून ओला असतो, ही गोष्ट मला सांगायला कुणी राहिलं नव्हतं. सांगणाऱ्याला मीच घरी धाडलं होतं.

पंधरा दिवसांनी सकाळी कामावरच्या बायांनी कापसाची गंजी उघडली तर आतून वाफ आली. खालचा कापूस पिवळा पडलेला, सरकी तापून कुजलेली. जो यंत्रात घातला तो रुळांना गुंडाळून बसला. यंत्रं थांबली तशी सगळ्यांची हाजरी, म्हणजे रोजची मजुरी, थांबली. ज्या पोरांसाठी मी भांडलो होतो तीही फाटकाबाहेर बसली. त्यातला एक बाबू म्हणाला, "लागला का नंबर? आमी म्हणत व्हतो म्हातारा आपली भाकर अडवायलाय. आरं, तोच भाजत व्हता."

शेटजींनी वालूरला छकडा धाडला. मला वाटलं, आबा यायचे नाहीत. ते त्याच छकड्यातून आले. आल्या आल्या बाही वर केली आणि गंजीत हात घातला. चार दिवस उन्हात कापूस पसरणं, हातानं चाचपून निवडणं, जो वाचेल तो बाजूला काढणं चाललं. निम्म्याहून जास्त माल त्यांनी वाचवला. मी मागंमागं राहत होतो. पाचव्या दिवशी शेटजी सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी ह्या किसनला काढतो."

आबा म्हणाले, "काढू नका. त्याच्या शिक्षणाला तुमचा एवढा कापूस गेलाय. आता कुठं त्याला ओल कळायली. हाकलला तर हे शिकलेलं फुकट दुसऱ्याच्या जिनात जाईल."

शेटजी हसले. "मग तुमचं काय करू?"

"माझ्यावर तर लय खर्च केलाय तुमी. मला बी ठिवा. दिसभर न्हाई व्हत आता. सकाळच्या गाड्या मी बघतो, दुपारच्या ह्यो बघल. रांग बी लागायची न्हाई."

त्या बोलण्यात सगळं आलं. एका हाताला ओल कळायला पाऊण आयुष्य लागतं, आणि कळायला लागलं की लोक त्या हाताला घरी बसवतात. आबा परत बसले ही खबर गावोगाव गेली. पुढच्या हंगामात दुसरी जिनं ओलांडून गाड्या आमच्या फाटकाशी यायला लागल्या, कारण इथं कुणाच्या कापसाचा भाव उगाच पाडला जात नाही हे लोकांना माहीत होतं. माल वाढला तशी शेटजींनी यंत्रं वाढवली, आणि त्या यंत्रांवर बाबू लागला, त्याचे दोघे भाऊ लागले. जागा अडवणाऱ्या म्हाताऱ्यानं ह्या जागा तयार केल्या.

आबांचा स्वभाव मी काय वर्णावा? माझ्या चुकीचा त्यांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही. मला ताप आला तेव्हा सुनेकडून ज्वारीच्या कण्या करून आणल्या आणि बाजेशी बसून म्हणाले, "खा, ह्या वाळलेल्याच हायत." एवढा माणूस सोडून मी निघून आलो. एका फिटरनं अहमदाबादच्या गिरण्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि माझे पाय उचलले. शिकलेलं दुसऱ्याकडं जाईल हे आबांचं बोलणं मीच खरं केलं. तरी ते ठेसनापर्यंत आले, गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

इथं मी कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात आहे. आपल्याकडची गाठ आली की मी कोपरापर्यंत हात घालतो. सोबतचे लोक हसतात. त्यांना वाटतं मी ओल बघतो. ओल बघून तर झालेली असते. कापूस आपल्या मैदानातल्या उन्हाचा आहे का, तो आबांच्या हाताखालून गेलाय का, एवढंच मी चाचपत असतो. कधी वाटतं, गेलाय. त्या दिवशी जेवण जात नाही.

इथंही नजर मंद झालेल्या जाणत्या कामगाराला घरी धाडतात. तो गेल्यावर महिनाभर खात्यात काही ना काही बिघडत राहतं आणि कशानं बिघडलं ते कुणाला समजत नाही. मला समजतं.

तेव्हा धाकट्या शेटजींना आणि आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे की हा गौरव म्हणजे निरोप होऊ देऊ नका. फेटा बांधा, नारळ द्या, पण ती बाज फाटकाशीच राहू द्या. आबांना निरोगी आयुष्य लाभो, शंभर हंगाम त्यांच्या नजरेखालून जावोत, त्यांचा हात असाच आतली ओल ओळखत राहो.

आणि आबा, दिवाळीच्या आत मी इथला हिशेब मिटवून सेलूला येतोय. ठेवतील त्या हाजरीवर राहीन. आता तुमचे उरलेले दातही गेले असतील. माझे सगळे शाबूत आहेत. सकाळच्या गाड्यांना तुम्ही हात घाला. सरकी मी चावतो.