मूनबाईंना खरं तेच सांगावं लागे

"ताई, मूनबाई गेल्या वं..." एवढंच बोलून गजू थांबला. गजू माझा धाकटा भाऊ. मी आर्वीच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. फोनमधून बाजाराचा गलका ऐकू येत राहिला. ॲडव्होकेट प्रमिला मून आमच्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्याही नव्हत्या. तरी मुख्याध्यापकांनी "कोण गेलं?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "घरचंच माणूस."

आमचं घर पवनारचं, भाजीपाल्यावर चालणारं. गजू टेम्पोतून भाजी वर्ध्याला नेई आणि परतीला मिळेल ते भाडं घेई. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून त्यानं अमरावतीकडून खोकी भरून आणली आणि भर दुपारी पोलिसांनी गाडी अडवली. खोक्यांत गांजा निघाला, तोही थोडाथोडका नाही. व्यापारी परागंदा झाला, गजू तुरुंगात गेला. बाजारात आमच्या मेथीकडे बोट दाखवून बायका म्हणू लागल्या, "गांजावाल्याच्या घरची आहे." सोयऱ्याधायऱ्यांचा सल्ला एकच होता, केलं असेल तर भोगू द्या.

बाबा मूनबाईंकडे गेले तेव्हा मी सोबत होते. ठेंगणी, सावळी, पन्नाशी उलटलेली बाई. बोलण्याआधी चष्मा कपाळावर सरकवायची सवय. बाबा संकोचून म्हणाले, "बाई, असली केस घेतली तं लोकं तुमालेच नावं ठेवतीन." त्या म्हणाल्या, "ठेवू द्या, काका. आरोप लागला म्हणजे गुन्हा झाला असं नाई. आन् झाला असला, तरी त्याची बाजू मांडाले कोणी पाहिजेच. नाई तं कोर्ट कायले पाहिजे? ठाण्यातच शिक्षा देऊन मोकळं व्हा." मग त्यांनी आम्हाला कायदा समजावला, काहीही मऊ न करता. माल एवढा असला की दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी. जामीन जवळपास नाहीच. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की माल ताब्यात सापडला म्हणजे तो कसला आहे हे माणसाला ठाऊक होतं, असं कोर्ट धरून चालतं. ठाऊक नव्हतं, हे आरोपीनं पटवायचं.

गजू आम्हा सगळ्यांना सांगत होता, खोक्यांत औषधं आहेत असं वाटलं. मूनबाई तुरुंगात त्याला एकट्याच भेटल्या. तिथलं बोलणं त्यानंच मला पुढे सांगितलं. त्यांनी विचारलं, "औषधं होती तं हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यानं काऊन आला?" तो पुन्हा औषधांचंच सांगू लागला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी परत येईन. मले खोटं सांगशील तं मी खोट्याच्याच भरवशावर लढीन आन् तू आत राह्यशील." पुढच्या भेटीत तो रडला. "दारू असन असं वाटलं, बाई. खोक्यांवर बाटल्यांची चित्रं होती." आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. बाहेरून चोरून बाटल्या येतात हे शेंबडं पोरही जाणतं. गजूनं जाणून डोळेझाक केली होती, फक्त डोळ्याआड होतं ते भलतंच निघालं.

हेच कोर्टात सांगायचं, असं मूनबाईंनी ठरवलं तेव्हा बाबा भडकले. "म्हणजे आपल्याच तोंडानं चोर व्हायचं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, आतल्या रस्त्याचं कारण सरकारी वकील विचारतीलच. खोटं एकदा उघडं पडलं की मग खरंही कोणी ऐकत नाई. दारूची जी शिक्षा व्हायची ती होईन. पण जे त्यानं केलं नाई, त्याच्यासाठी वीस वर्षं काऊन?"

खटला रखडत रखडत उभा राहिला. जप्तीच्या वेळी हजर असलेला पंच साक्षीला आला. मूनबाईंनी आवाज न चढवता विचारलं, "खोकी फोडण्याआधी बाहेरून कशी दिसत होती?" तो म्हणाला, चिकटपट्टीनं पक्की बंद, वर बाटल्यांची चित्रं. "आत काय असेल असं तुम्हाला वाटलं?" तो म्हणाला, "दारू... आम्ही सगळे दारूच समजलो होतो." कोर्टात कुजबुज झाली. नंतर गजूनं शपथेवर, मान खाली घालून, आपली चूक जशीच्या तशी सांगितली. सरकारी वकिलांनी त्याला खूप उलटसुलट विचारलं, पण त्याला आता कुठलं खोटं आठवून ठेवायचंच नव्हतं.

गांजाचं त्याला ठाऊक नव्हतं हे कोर्टानं मानलं, आणि दारू तर सापडलीच नव्हती. तो सुटला. तोवर त्याची तान्ही पोर चालती-बोलती झाली होती आणि त्याला पाहून आईच्या पदराआड लपली. बाबा कोर्टाच्या पायऱ्यांवर मूनबाईंच्या पाया पडायला वाकले. बाईंनी त्यांना धरलं आणि गजूकडे वळून म्हणाल्या, "सुटला म्हणजे बरोबर होता असं नाई, गजानन. हे ध्यानात ठेवजो."

पुढेही मूनबाईंकडे माझं जाणं-येणं राहिलं. त्यांच्याकडे आलेले सगळेच सुटत नसत. एकदा त्यांच्या एका अशिलाला पुरी शिक्षा झाली. त्यानं धंदा केलाच होता. मी विचारलं, "मग इतकी मेहनत कशाला घेतली?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "त्याच्या बाजूनं एक तरी माणूस बोललं ना..." एवढंच म्हणाल्या. तेव्हा मला ते पुरतं पटलं नव्हतं. आजही कधी पटतं, कधी नाही.

परवा गजू आणि मी त्यांच्या ऑफिसात गेलो. आता तिथं त्यांची वकील भाची काम पाहते, तिला भेटायचं होतं. बाकावर हिंगणघाटकडची एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा असल्याच आरोपात अडकला होता. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माह्या पोराले काईच माहीत नाई जी." गजू चार लोकांत कधी तोंड न उघडणारा. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"माय, मीबी हेच म्हणत होतो," तो म्हणाला. "मी आत होतो. पोराले भेटशीन तं सांगजो, वकिलापाशी लपवू नको म्हणा. सुटन का नाई ते मले माहीत नाई. पण जे झालं ते सांगाले लाव."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "थोडंसं माहीत होतं त्याले..."

भाचीनं आतून हाक मारली. गजूनं म्हातारीला हात देऊन उठवलं आणि दारापर्यंत नेलं.