दादाच्या नावाची पट्टी

आमच्या घरात पुरुष पन्नाशी बघत नाहीत. आजोबा सत्तेचाळिसाव्या वर्षी गावाकडे बैल सोडता सोडता गेले. बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी विक्रोळीच्या कंपनीत, दुसऱ्या पाळीला, मशीनसमोर. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, दादा एकोणीसचा. विहारातल्या बायका आमच्यासाठी जेवण घेऊन आल्या होत्या आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली, यांच्या घरात हे असंच आहे गं. दादा तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि ताटं मांडायला घेतली.

दादाची शेहेचाळीस पूर्ण झाली तशी या माणसाने एकदम बूट घेतले आणि धावायला लागला. बँकेतला क्लार्क, पोट सुटलेलं, दोन मजले चढला की धापा टाकणारा. मी म्हटलं, "दादा, कुणाच्या मागे लागलायस की कुणी मागे लागलंय?" तो हसला नाही. म्हणाला, "पन्नाशीच्या आत पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावणार. बेचाळीस धावणारा माणूस काय असा उभ्या उभ्या मरतो होय?" आता याला काय बोलणार. मृत्यूला हा सर्टिफिकेट दाखवून परत पाठवणार होता.

मी काही धावणारी बाई नव्हे. माझं तोंड चालतं तेवढे पाय चालत नाहीत, असं आई म्हणायची. पण वहिनीने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर. एकटं सोडायला नको वाटतं मला." म्हणून गेले. नाहूरच्या त्यांच्या बिल्डिंगपासून मुलुंडपर्यंत सकाळी साडेपाचला आम्ही दोघं. पहिले सहा महिने मी रोज शिव्या घालत धावले, त्याला, रस्त्याला, स्वतःला. मग कधी शिव्या बंद झाल्या कळलंच नाही. दहा झाले, एकवीस झाले. बेचाळीसला नाव दिलं त्या पहिल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला, दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, डेंग्यू झाला आणि आम्ही शर्यतीच्या दिवशी तिच्या सलाईनकडे बघत बसलो. तिसऱ्या वर्षीची शर्यत त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या बरोबर चार दिवस आधी होती. म्हणजे आता नाही तर नाहीच.

त्या वर्षीपासून शर्यतीला नवा नियम आला होता, वय पंचेचाळीसच्या वर असेल तर डॉक्टरचं पत्र, सोबत ईसीजी. आणि मी कोण, तर घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होममधली ईसीजी काढणारी. वीस वर्षं हेच काम. छातीला जेली लावायची, बल्ब चिकटवायचे, हातापायाला क्लिपा, बटण दाबायचं, पट्टी बाहेर येते, पेनाने वर नाव आणि वय लिहायचं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. वाचायचं काम माझं नाही. पण वीस वर्षं पट्ट्या बघितल्यावर न वाचता येणारी बाई एकतर आंधळी तरी असेल नाहीतर खोटारडी.

दादा गुरुवारी दुपारी आला. पेशंट नव्हते, डॉक्टर जेवायला गेले होते. तो टेबलावर आडवा झाला, छतातल्या पंख्याकडे बघत म्हणाला, "जेली गार आहे गं." मी बटण दाबलं. पट्टी यायला लागली आणि छातीच्या शेवटच्या तीन ओळींत जी लाट वर उठायला हवी ती खाली वळलेली होती. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा अशी येते. मी बल्ब काढले, जागा बदलून परत लावले. तेच. तिसऱ्यांदा काढली. तेच.

"झकास ना?" त्याने विचारलं.

"झकास," मी म्हटलं.

हा एक शब्द. मी आयुष्यात खूप काही बोलून बसलेय, सासूला बोललेय, साहेबाला बोललेय, पण त्या शब्दाइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही. तो शर्टाची बटणं लावत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. ती पट्टी डॉक्टरांनी बघितली असती तर आधी सगळ्या तपासण्या करा म्हणाले असते, धावायचं नाव काढू नका म्हणाले असते. चार वर्षांची पहाट पाण्यात. आणि हा माणूस पन्नाशीच्या तोंडावर घरी बसून दिवस मोजत राहिला असता, नुसत्या भीतीने मेला असता, असं मला वाटलं. आमच्या डॉक्टरांनीच एकदा कुणाच्या तरी बाबतीत म्हटलं होतं, धावणाऱ्यांच्या पट्ट्या जरा चमत्कारिकच येतात. ते वाक्य मी त्या दुपारी घट्ट धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार, पण इथे बुडणारा दुसराच होता आणि काडी मी धरलेली.

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली. स्वतः टेबलावर आडवी झाले, स्वतःला बल्ब लावले, डाव्या हाताने बटण दाबलं. माझी पट्टी छान आली. वर लिहिलं दादाचं नाव, वय एकोणपन्नास, पुरुष. डॉक्टर जेवून आले, एक नजर टाकली, पत्रावर सही केली. "भाऊ ठणठणीत आहे तुझा," म्हणाले. त्याची खरी पट्टी मी पर्समध्ये ठेवली. ती तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होती, डब्याच्या आणि छत्रीच्या मध्ये. भाजी घेताना सुट्टे पैसे काढायला हात घातला की बोटांना लागायची.

त्या तीन आठवड्यांत मी दादाकडे माणसासारखं बघितलंच नाही. जिना चढताना कुठे थांबतो, खांदा चोळतो का, जेवताना घाम येतो का, सगळं टिपत बसायचे. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही बारीक झालात." मी म्हटलं, धावल्यावर होणारच. एकदा रविवारी सांगायचं ठरवून गेले. दार उघडलं तर भाचीने कागदावर मोठ्या अक्षरात बेचाळीस लिहून भिंतीवर लावलेलं, आणि दादा तिला सांगत होता, तुझे आजोबा असते तर काय म्हणाले असते. मी चहा पिऊन परत आले. आणि खोटं कशाला बोलू, नोकरीचीही भीती होती. दुसऱ्याच्या नावाने पट्टी लावणारीला कोण ठेवणार?

शर्यतीच्या दिवशी काळोखातच मुलुंडला जमलो. महामार्गावरून घाटकोपरपर्यंत जायचं, परत यायचं, अशा दोन फेऱ्या. दादाने डोळे मिटून वंदना म्हटली. मीही ओठ हलवले, पण मनात फक्त एक होतं, अँब्युलन्स कुठे कुठे उभ्या आहेत. भांडुपला एक, विक्रोळीच्या पुलाखाली एक, घाटकोपरला वळायच्या जागी एक. मी पाठच करून ठेवलं होतं. माझी स्वतःची वेळ काढायचं माझं स्वप्न होतं, पाच तासांच्या आत. ते मी मुलुंडलाच सोडून दिलं आणि त्याच्या डाव्या बाजूला धावायला लागले, अर्धं पाऊल मागे. तिथून त्याचा चेहरा दिसायचा.

पहिली फेरी बरी गेली. कांजूरला कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आला तसा तो म्हणाला, "चला, अत्तर लावलं." लोक हसले. उजाडत होतं, खाडीच्या बाजूने हवा अजिबात येत नव्हती. सतराव्या किलोमीटरला त्याने ढेकर दिला आणि खिशातून पुदिन्याची गोळी काढून तोंडात टाकली.

"काय होतंय?"

"काही नाही, ॲसिडिटी. रात्री राजमा जास्त झाला."

वीस वर्षांत माझ्या टेबलावर जेवढे लोक ॲसिडिटी म्हणून आले, त्यातले कितीतरी परत घरी गेले नाहीत. मी धावत राहिले. दुसऱ्या फेरीला ऊन वर आलं. विक्रोळीला त्याने डावा खांदा फिरवला. पुढे परत एकदा फिरवला. मी म्हटलं, "दादा, थोडं चालूया." चाललो. परत धावला. घाटकोपरला वळायच्या जागी अँब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं आणि आत एक पोरसवदा डॉक्टर मोबाईल बघत बसला होता. मला वाटलं आत्ता याचा हात धरावा आणि आत ढकलावं. नाही ढकललं. मागे वळून बघत राहिले, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

चौतिसाव्या किलोमीटरला, कांजूरच्या अलीकडे, मी त्याला अडवलं. सरळ समोर उभी राहिले.

"बस झालं. थांबूया."

"तुला जमत नसेल तर तू थांब."

"माझं नाही, तुझं बोलतेय मी."

"माझं काय?" तो घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. "माझं डॉक्टरने लिहून दिलंय. तू काढलीस ना पट्टी? तूच म्हणालीस ना झकास?"

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण मला वाटलं, आत्ता सांगितलं आणि त्या धक्क्यानेच काही झालं तर? तेवढ्यात संत्र्याच्या फोडी वाटणारी एक बाई आली, "घ्या काका, थोडंच राहिलंय," म्हणाली, आणि त्याने दोन फोडी घेतल्या, एक मला दिली आणि निघालाही. मी ती फोड हातात धरून धावत होते. भांडुपपर्यंत तिचा चिखल झाला होता.

शेवटचे आठ किलोमीटर मी त्याचा श्वास मोजला. दुसरं काहीच आठवत नाही. तो मध्ये बोलायचा बंद झाला तर मी पुढे होऊन त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो बोलला की वाटायचं, हे शेवटचं वाक्य असेल का. "पाय गेले गं," म्हणाला. "मुलुंड आलं," म्हणाला. एकदा नुसतंच "बाबा," म्हणाला आणि मी किंचाळायचीच बाकी राहिले होते.

पाच तास अडतीस मिनिटं. त्याने ती रेघ ओलांडली, आणि उभा राहिला. पडला नाही. वहिनी आणि भाची धावत आल्या, त्याने दोघींना एकदम मिठीत घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. मग मला ओढलं. "हिच्यामुळे," सगळ्यांना सांगत होता, "पूर्ण वेळ माझ्या बाजूला होती. स्वतःचं टायमिंग सोडलं हिने." पदक माझ्या गळ्यात घालायला निघाला. मी हात झटकला. लोकांना वाटलं दमलीय.

दुपारी नाहूरला घरी मटण होतं. शेजारी येऊन जात होते. दादा खुर्चीत पाय गरम पाण्यात सोडून बसला होता आणि पुढच्या वर्षीचं बोलत होता. लोणावळ्याकडे कुठेतरी साठ किलोमीटरची घाटातली शर्यत असते म्हणे. "आता मला काय होतंय," म्हणाला. "डॉक्टर पण म्हणाले, ठणठणीत." ते ऐकलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. याला मी साठलाही पाठवणार आहे का? मी म्हटलं, "दादा, जरा गॅलरीत ये." आणि पर्समधून ती पट्टी काढून त्याच्या हातात दिली. सगळं सांगितलं, दाराच्या कडीसकट.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टी उलटसुलट केली, त्याला त्यातलं काय कळणार. मग खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसला.

"म्हणजे तू माझ्या बाजूला धावत नव्हतीस," तो म्हणाला. "मी कधी पडतो ते बघत होतीस."

खरंच होतं ते.

संध्याकाळीच मुलुंडला एका मोठ्या हृदयाच्या डॉक्टरकडे गेलो. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी. एक नळी नव्वद टक्के बंद, दुसरी सत्तर. डॉक्टरांनी फाईल बंद करून परत उघडली, विचारलं, "हे काल बेचाळीस किलोमीटर धावले?" मग म्हणाले, "मी असं सांगत नाही कुणाला, पण हे घरी आले हेच आश्चर्य." दोन स्टेंट घातले. आत नेण्याआधी दादाने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता माफ केलं म्हणेल. तो म्हणाला, "पट्टीचं कुणाला बोलायचं नाही. तुझी नोकरी जाईल. वहिनीलाही नाही." मी पाय धरायला वाकले तर त्याने पाय पांघरुणात ओढून घेतले.

त्याची पन्नास पूर्ण झाली ती आयसीयूच्या बाहेर, साध्या खोलीत. नर्सने केक आणू दिला नाही, भाचीने सफरचंदात मेणबत्ती खोचली. आमच्या घरात पन्नाशी बघितलेला पहिला पुरुष. वहिनीने माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्या नातेवाइकांसमोर रडत म्हणाली, "यांनी सांगितलं मला. शर्यत संपल्यावर तुम्हीच ओळखलंत, खांदा चोळताना बघून. तुम्ही ओढून नेलं म्हणून हे आहेत." दादा पलंगावर होता. तो म्हणाला, "हो. बहिणीमुळे आहे मी."

तेच तो अजून सगळ्यांना सांगतो. बँकेत, विहारात, लग्नात, कुणी विचारलं की. आता तो धावत नाही, सकाळी वहिनीबरोबर चालायला जातो. मी अजून त्याच खोलीत पट्ट्या काढते. दर रविवारी त्यांच्याकडे जाते, न गेले तर वहिनी फोन करून भांडते. चारचौघांत तो माझ्याशी हसतो, मला डॉक्टरीणबाई म्हणतो. मागच्या रविवारी वहिनी खाली दूध आणायला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्याची गोळ्यांची वेळ झाली होती. गोळ्या त्याच्या हातात होत्या, पाण्याचा तांब्या माझ्याजवळ, त्याने हात लांब केला असता तर पोचला असता. मी तांब्या उचलून पुढे केला. त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. गोळ्या मुठीत घेऊन तो वहिनी वर येईपर्यंत तसाच बसून राहिला.