पाइपाची गोधडी

ऐंशी सालच्या आसपासचा उन्हाळा. कारखान्यातली सकाळपाळी सुटली की मी सातपूरहून सायकलवर पंचवटीत घरी यायचो. वाटेत एका घराच्या भिंतीवरून टाकीचा लोखंडी पाइप खाली आला होता. तिथल्या मावशींनी जुन्या लुगड्याची लांबलचक गोधडी शिवून त्या पाइपाला नाड्यांनी बांधली होती. भर दुपारी मावशी तांब्याने ती भिजवत. एका हाताने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने थोपटायचं, पाळण्यातल्या बाळाला थोपटावं तसं.

एकदा मला राहवेना. सायकल थांबवून म्हणालो, "मावशी, एवढ्या उन्हात गोधडी? पाइपाला थंडी वाजते का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळलाय, तो काय थंडी वाजते म्हणून?" मग हळूच म्हणाल्या, "सून भांडी घासायला बसते. नळ सोडला की लय पोळतात हो पोरीचे हात."

मी निघणार, तेवढ्यात "थांबा जरा" म्हणत त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या टॉवेलवर ओतलं. वर दोनदा थोपटलंही.

पुढे उन्हाळाभर त्या दारापाशी माझी सायकल आपोआप हळू व्हायची. मावशी आधी पाइप भिजवायच्या, मग मला.