तीनशे नऊची रेषा

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत आरगॉन वायूचा प्लाझ्मा जांभळा दिसायचा. त्याला हात लावता येत नाही, म्हणून बंद भांड्याच्या खिडकीतून येणारा प्रकाश यंत्रात घेऊन आम्ही तो ओळखायचो. पडद्यावर प्रत्येक वायूची रेषा ठरलेल्या जागी उभी राहते. माझ्या नशिबी पाण्याच्या वाफेची होती, तीनशे नऊ नॅनोमीटरवर. आत ओल आहे, असं ती सांगायची, आणि माझा सगळा प्रबंध कोरड्या प्लाझ्मावर होता.

मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस धुळ्याला गेले, तेव्हा ओल ओढून घेणारा पंप चालू ठेवायला नानांना सांगून गेले. नाना प्रयोगशाळेचे मदतनीस, कंत्राटावर. परत आले तर रेषा गायब. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आता तुझा हात बसला. पुढचे सहा महिने मी रीडिंग्ज घेतली.

प्रबंध द्यायला महिना उरला असताना नानांनी चहा ठेवता ठेवता सहज सांगितलं, "ताई, तू धुयाले गयथी ना, तवय खिडकीनी काच तडकनी. सर तुले बोलतीन म्हनीसन मी टीपॉयनी जाड काच कापी लई उनू."

मला अहिराणी कळते, बोलता येत नाही. टीपॉयची काच कापून त्यांनी खिडकीला बसवली होती, एवढं कळलं.

जुनी काच क्वार्ट्‌झची होती. साध्या जाड काचेतून तीनशे नऊचा अतिनील प्रकाश बाहेर येत नाही. ओल गेलीच नव्हती. आम्हाला ती दिसत नव्हती, एवढंच. आणि चार दिवसांत ती जाते कशी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी सरांना सांगितलं, खिडकी साध्या काचेची आहे. त्यांनी पडद्यावरची तीनशे नऊची रिकामी जागा बघितली.

"कोणी बसवली?"

दारात नाना कपबशा गोळा करत होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही. मीच बसवली, असा सरांनी त्याचा अर्थ लावला.

"विचारायचं तरी होतंस. किती रीडिंग्ज त्यानंतरची?"

"सगळीच."

क्वार्ट्‌झची काच यायला दोन महिने लागतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि तासाला निघून गेले. नाना आत आले, म्हणाले, "काय व्हयनं, ताई?"

मी म्हटलं, काही नाही. ते खरं मानून टेबल पुसू लागले.