ओतून दिलेलं शेवाळ

१४ जून २०१२. धारणीच्या दवाखान्यात तपासलेल्या रक्ताच्या काचा कापसात गुंडाळून डब्यात भरल्या. हिवतापाची तपासणी हे माझं काम. फेरतपासणीसाठी काचा अमरावतीला पोचवायच्या होत्या. घाटात गाडी तापून बंद पडली. जीपने परतवाडा गाठलं, तिथून दुसरी एसटी.

काचा कचेरीत देऊन बहिणीच्या मुलीच्या, नीलिमाच्या, कॉलेजात गेले. ती प्रयोगशाळेत शेवाळ वाढवते. हिवतापाच्या जंतूचं एक जनुक त्यात घातलंय. त्यामुळे शेवाळ त्या जंतूचं प्रथिन तयार करतं. त्यापासून पुढेमागे लस होईल का, हा शोध.

शेवाळाच्या बाटल्या रिकाम्या होत्या. मदतनीस शकुंतलाबाई स्टुलावर बसून होत्या. त्या दिवशी कोरडा दिवस होता (डास होऊ नयेत म्हणून साठवलेलं पाणी ओतायचा दिवस). हिरवं पाणी दिसलं, त्यांनी ओतलं, बाटल्या घासून उपड्या घातल्या.

"म्या काय मुद्दाम केलं का, ताई? तुमच्याच मलेरियावाल्यायनं भिंतीले कागद लावला."

कागद आमच्याच खात्याचा होता.

जनुक घातलेलं शेवाळ बाहेर पसरू नये म्हणून नीलिमाने आधी मोरीत ब्लीचिंग ओतलं. मग फडताळातून झाकणाची काचेची ताटली काढली. जेलीवर त्याच शेवाळाचे राखून ठेवलेले हिरवे ठिपके. कधीचे, कोण जाणे. थोडे खरवडून तिने पाण्यात सोडले, दिव्याखाली ठेवले.

"संध्याकाळी पोहले तर वाचले, मावशी. नाहीतर दोन वर्षांचं काम गेलं."

तोवर गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) मागवला. शकुंतलाबाई हात लावेनात. तुम्ही उपाशी राहून शेवाळ वाढणार नाही, असं नीलिमाने सुनावलं तरी नाही.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आजवर मी त्यातून लाल पेशीत बसलेला जंतूच शोधत आले. इथे हिरवे गोळे, सगळे स्तब्ध. मग एक हलला. पुढच्या दोन केसांनी पाणी मागे सारत निघाला. मग दुसरा. माणसं मारणाऱ्या जंतूचा एक अंश हा एवढासा जीव उजेडावर आणि पाण्यावर घडवत होता. मला तिथून हलवेना. शेवटी शकुंतलाबाईंनीच मला कोपराने सरकवलं.

"जित्ते हायेत," त्या म्हणाल्या, आणि वड्याची प्लेट ओढली.

लस कधी येईल, नीलिमालाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले, धारणीच्या अलीकडे एका वस्तीवर उतरले. तापाने फणफणलेल्या एका बाईच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. दारातल्या टाक्यात पाणी हिरवं झालं होतं. ते क्षणभर पाहिलं, आणि ओतायला लावलं.